खडकवासल्यात अधिकारी घडतो तो असा

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे आपल्या एनडीएचे, मूळ एका परदेशी देणगीत आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर भारतीय जवान सुदानच्या बचावासाठी लढले. त्यांच्या स्मारकासाठी सुदान सरकारने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले. फाळणीच्या वाटणीत त्यातले सत्तर हजार आपल्याकडे आले आणि त्यातून प्रबोधिनीची मुख्य इमारत, सुदान ब्लॉक, उभी राहिली. स्तंभ किंवा पुतळा उभारून मोकळे झाले नाहीत, हे उत्तम झाले.

युद्धाने एक गोष्ट शिकवली होती. भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची ओळख थेट रणांगणावर होऊन भागत नाही. ऑकिनलेक समितीने तिन्ही दलांसाठी एकच प्रबोधिनी सुचवली. पुण्याजवळ खडकवासल्यात ठरलेली वास्तू तयार होईपर्यंत थांबायचे नाही असे ठरले आणि १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनच्या क्लेमेंट टाऊनमध्ये काम सुरू झाले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्यात कोनशिला बसवली. जागा तिन्ही दलांच्या सोयीची होती: जलाशय लागून, मुंबई बंदर फार लांब नाही, लोहगावचा विमानतळ जवळ आणि समोर सिंहगड. मुंबई सरकारने जमीनही दिली. जानेवारी १९५५ मध्ये इथे रीतसर उद्घाटन झाले.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा, सहा सत्रांचा. पदवीचा अभ्यास, कवायत, घोडेस्वारी, पोहणे हे सगळे आहेच, पण नेतृत्वाचे खरे शिक्षण स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे कॅडेट एकत्र राहतात त्या गटात, होते. बारावी करून आलेला पोरगा पहिल्या सत्रात फक्त हुकूम झेलतो. चूक एकाची, 'रगडा', म्हणजे शारीरिक शिक्षा, सगळ्यांना. रविवारी सिंहगड चढण्याची शिक्षा कित्येकांच्या वाट्याला येते. क्रॉस कंट्रीच्या शर्यतीत तर एकट्याचा पहिला नंबर फारसा कामाचा नाही. किती जण ठरावीक टप्प्यांच्या आत पोहोचले, त्यावर स्क्वाड्रनचे गुण ठरतात. म्हणून चांगला पळणारा मागे राहिलेल्याचा दंड धरून त्याला ओढत आणतो. नेतृत्वावरची दहा व्याख्याने मला या एका दृश्यापुढे फिकी वाटतात.

मग शेवटच्या सत्रात काही जणांना कॅडेट कॅप्टनसारखी पदे मिळतात आणि काल रगडा खाणाऱ्याच्या हाती आज शिक्षा देण्याचा अधिकार येतो. माझ्या मते खरी परीक्षा ही. कुणी तो अधिकार जपून वापरतो, कुणी जुने उट्टे काढतो. विशीतल्या पोरांच्या हाती इतकी सत्ता द्यायची, तर वर जागरूक अधिकाऱ्याची नजर हवीच. नाहीतर कणखरपणाच्या नावाखाली नुसती दांडगाई पोसली जाते.

पहिल्याच तुकडीने तिन्ही दलांना जोडण्याचा संस्थेचा हेतू सार्थ केला. जनरल एस. एफ. रॉड्रिग्ज, ॲडमिरल एल. रामदास आणि एअर चीफ मार्शल एन. सी. सुरी हे एकाच तुकडीतले तिघे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच वेळी आपापल्या दलांचे प्रमुख होते. तरीही तिन्ही दलांत समन्वय साधणारे संरक्षण दल प्रमुख हे पद निर्माण व्हायला २०१९ उजाडावे लागले. खडकवासल्यात जुळलेली मैत्री दिल्लीतल्या फायलींत उतरायला वेळ लागतो म्हणायचा.

प्रबोधिनी आपल्या अंगणात असूनही तिथे मराठी मुले थोडी, ही जुनी खंत. त्यावर उपाय म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. मुलींना मात्र प्रबोधिनीची दारे बंदच होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर ती उघडली आणि पुढच्या वर्षी पहिली तुकडी आली. मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. दरम्यान औरंगाबादच्या धर्तीवर नाशिकला मुलींसाठी पूर्वशिक्षण संस्था सुरू झाली आहे. तिथल्या मुली आता लेखी परीक्षा आणि सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) पाच दिवसांच्या मुलाखतीची तयारी करत आहेत.