ऊद आणि गिटार

१९९४ साली आलेला 'पल्प फिक्शन' हा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या सुरुवातीच्या नामावलीवर वाजणारी गिटार नक्की आठवत असेल. एकाच तारेवर कुणीतरी जीव खाऊन चाललंय, असं वाटतं. ती ध्वनिमुद्रिका १९६२ सालची. वाजवणारा होता डिक डेल. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फळी घेऊन लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांचा तो लाडका. या पोरांमुळे त्याच्या वादनाला 'सर्फ' संगीत हे नाव पडलं आणि अस्सल अमेरिकी माल म्हणून ते जगभर गेलं.

हे सगळं आलं कुठून, हे डेलनं कधी लपवलं नाही. त्याचं खरं नाव रिचर्ड मन्सूर. जन्म १९३७, बोस्टन. वडील लेबनॉनच्या वंशाचे. (मन्सूर म्हटलं की आपल्याला मल्लिकार्जुन आठवतात, पण ते मन्सूर धारवाडजवळच्या गावाचं, हे अरबी.) डेल सांगायचा, की त्याचे काका ऊद वाजवत आणि त्यांनीच लहानपणी त्याला तारबाकी हे हातानं वाजवायचं तालवाद्य शिकवलं. पुढे एकदा एका चाहत्यानं विचारलं, एका तारेवर अख्खं गाणं वाजवशील का? डेलला काकांचं 'मिसिरलू' आठवलं. काका ते सावकाश वाजवायचे. यानं त्याची लय कितीतरी वाढवली आणि तालाची थाप उजव्या-डाव्याच्या हिशेबात न अडकता थेट तारेवर आणली. थेट म्हणायचं कारण असं, की हा गडी डावखुरा, आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवायचा. रॉकच्या घराण्यात ऊद शिरला तो असा, काकांच्या बैठकीच्या खोलीतून.

आता हा ऊद. आपल्याकडे दर्ग्यात आणि बऱ्याच घरांतून निखाऱ्यावर टाकतात तोही ऊदच. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ लाकूड. सुगंधी लाकूड तेही ऊद आणि लाकडी पोटाचं तंतुवाद्य तेही ऊद. हे वाद्य स्पेनमार्गे युरोपात गेलं, तेव्हा 'अल् ऊद'चं 'ल्यूट' झालं. एका शब्दाचा धूर आमच्या मोहल्ल्यात आणि नाद बोस्टनमध्ये, हे कळल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

'मिसिरलू' म्हणजे मिस्र देशाची, इजिप्तची मुलगी. हिंदी-उर्दूत खडीसाखरेला 'मिसरी' म्हणतात, ती याच मिस्रवरून. गाण्याची भाषा ग्रीक, त्यातला शब्द तुर्की वळणाचा, ध्रुपदात मधूनच अरबी लाडाचे बोल. ते नेमकं कुणी रचलं, यावर ग्रीक, तुर्क, अरब सगळेच हक्क सांगतात. १९२७ मध्ये न्यूयॉर्कला तेतोस देमेत्रियादिस यांनी ते ध्वनिमुद्रित केलं.

ते साल ध्यानात ठेवायला हवं. चारच वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, ग्रीस आणि तुर्कस्ताननं लोझानला माणसांची अदलाबदल ठरवली होती. सुमारे १२ लाख ख्रिस्ती इकडे, साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडे. त्यातले कितीतरी आधीच जीव मुठीत धरून पळालेले. निकष फक्त धर्माचा. भाषा कुणी विचारलीच नाही. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत. त्यांना तुर्कस्तानात नेऊन सोडलं. अनातोलियातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांना तुर्कीखेरीज भाषा येत नव्हती. ती ग्रीसमध्ये येऊन मुकी झाली. कवितावाचनानंतर आजही कुणीतरी कौतुकानं मला विचारतं, 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?' विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या क्रीटच्या म्हाताऱ्या बाया बंदरावर उतरून पाणी कुठल्या शब्दानं मागत असतील, हे मला त्या वेळी हटकून आठवतं. अशा काळात एका ग्रीकानं मिस्रच्या मुलीवरचं हे गाणं मजेत गायलं. स्वरांची अदलाबदल करायला कुठलं कमिशन बसवणार?

स्वरांचंच बोलायचं तर डेलनं वाजवलेल्या चालीत रिषभ आणि धैवत कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे आपला भैरव थाट! अरबी संगीतात याला हिजाजकार म्हणतात. राग मात्र हा नव्हे. भैरवातलं आंदोलन, तो पहाटेचा ठहराव इथे शोधू नये. डेलला लाटेचा आवाज हवा होता. त्यासाठी तो जाड तारा लावायचा आणि लिओ फेंडर यांनी बनवलेले ॲम्प्लिफायर एवढ्या जोरात वाजवायचा, की ते जळायचे. मग फेंडरनी त्याच्यासाठी अधिक ताकदीचे बनवले.

मधल्या काळात, १९४१ मध्ये, निक रूबानीस या अमेरिकेतल्या ग्रीक संगीतकारानं चालीत बदल करून गाणं स्वतःच्या नावावर नोंदवलं. तक्रार करायला मूळ मालक होता कुठे? डेल २०१९ मध्ये वारला. अखेरपर्यंत दौरे करत होता, औषधपाण्याच्या खर्चासाठीही.

जमल्यास १९२७ची ती संथ तबकडी आधी ऐका आणि मग डेल. लय ओळखू येणार नाही. पण षड्जाला खेटून येणारा तो कोमल रिषभ दोन्हीकडे आहे.