मेंदूत 'वाघाचे पट्टे': लेर्मित-द्युक्लो हा दुर्मिळ आजार ओळखतात कसा?

मेंदूत गाठ असल्याचं कळलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "कॅन्सर तर नाही ना?" पण एका आजारात डॉक्टरांनाच वेगळा प्रश्न पडतो: ही खरी गाठ आहे की मेंदूच्या जडणघडणीतला दोष? त्या आजाराचं नाव लेर्मित-द्युक्लो.

फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ झाक लेर्मित आणि त्यांचे सहकारी द्युक्लो यांनी १९२० साली त्याचं वर्णन केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही गाठ ग्रेड १ मध्ये, म्हणजे सर्वात सौम्य गटात येते. मग काळजी कशाची? ती पुढे पाहू.

लक्षणं काय असतात?

हा आजार लहान मेंदूत होतो. डोक्याच्या मागच्या भागात असलेला लहान मेंदू शरीराचा तोल आणि हालचाली सांभाळतो. गाठ फार हळू वाढते, त्यामुळे कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही. नंतर डोकेदुखी, उलट्या, चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं असा त्रास सुरू होतो. मेंदूतल्या पाण्याची वाट अडली तर आतला दाब वाढतो आणि तातडीने उपचार करावे लागतात. बहुतेक रुग्णांमध्ये निदान तरुण किंवा मध्यम वयात होतं.

एमआरआयमध्ये काय दिसतं?

लहान मेंदूवर बारीक घड्या असतात. या आजारात त्या जाड होतात, पण त्यांची रचना मोडत नाही. त्यामुळे एमआरआयमध्ये एकाआड एक उजळ आणि गडद पट्टे दिसतात. डॉक्टर त्यांना 'वाघाचे पट्टे' म्हणतात. इतकी ठळक खूण फार थोड्या गाठींमध्ये सापडते.

तरीही फसगत होऊ शकते. प्रौढांमधला मेड्युलोब्लास्टोमा हा घातक कॅन्सर कधीकधी असाच दिसतो. लहान मेंदूला आलेली सूज किंवा रक्तपुरवठा तुटल्याने झालेली इजाही गोंधळात टाकते. मेड्युलोब्लास्टोमाला शस्त्रक्रियेनंतर मेंदू आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन द्यावं लागतं, लेर्मित-द्युक्लोमध्ये सहसा त्याची गरज नसते. म्हणजे निदान चुकलं तर सगळे उपचारच बदलतात.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं?

लहान मेंदूच्या बाहेरच्या आवरणात तीन थर असतात. त्यांतल्या आतल्या थरात एरवी अगदी लहान पेशी दाटीवाटीने असतात. या आजारात त्यांची जागा मोठ्या, बेढब चेतापेशी घेतात. गंमत म्हणजे या पेशींचं विभाजन जवळजवळ होतच नाही. पेशी संख्येने नव्हे, तर आकाराने वाढलेल्या असतात.

बायोप्सीचा तुकडा फारच लहान असेल, तर नुसत्या मोठ्या चेतापेशी पाहून दुसऱ्याच गाठीचं निदान होऊ शकतं. म्हणून पॅथॉलॉजिस्टने एमआरआयही पाहणं महत्त्वाचं. चित्र आणि पेशी यांचा मेळ बसला की निदान पक्कं होतं.

निदान मेंदूपाशी का थांबत नाही?

पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारं 'पीटेन' नावाचं एक जनुक असतं. प्रौढांमधल्या या आजारात अनेकदा त्यातच बिघाड सापडतो. हा बिघाड जन्मजात असेल तर त्या व्यक्तीला काउडेन सिंड्रोम असू शकतो. १९६३ साली वर्णन झालेल्या या आजाराला त्या रुग्णाच्या आडनावावरून नाव मिळालं. त्यात स्तन, थायरॉइड आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. डोक्याचा घेर मोठा असणं, चेहऱ्यावर आणि हिरड्यांवर बारीक पुटकुळ्या येणं या त्याच्या खुणा.

म्हणजेच डोक्यातली सौम्य गाठ ही शरीरातल्या दुसऱ्या धोक्याची पूर्वसूचना असू शकते. मेंदूची शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून फाइल बंद केली, तर ही सूचना वाया जाते. हा बिघाड प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते, त्यामुळे प्रश्न कुटुंबाचाही असतो.

रुग्णाने काय करावं?

- एमआरआयची फिल्म आणि सीडी, बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक जपून ठेवा. दुसरं मत घेताना हे सगळं लागतं.
- पीटेनची तपासणी गरजेची आहे का, हे डॉक्टरांना विचारा. तपासणीआधी जनुकीय समुपदेशन घ्या.
- काउडेन निघाल्यास स्तन, थायरॉइड आणि गर्भाशयाच्या नियमित तपासण्या कधीपासून करायच्या, ते ठरवून घ्या.
- गाठीची कड स्पष्ट नसल्याने ती कधीकधी पूर्ण काढता येत नाही आणि पुन्हा वाढू शकते. म्हणून ठरलेल्या वेळी एमआरआय करत राहा.

आणि हो, साध्या डोकेदुखीने घाबरून जाऊ नका, हा आजार अतिशय दुर्मिळ आहे. पण डोकेदुखीसोबत उलट्या होत असतील आणि तोलही जात असेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवा.