फुलांचा सण आणि फुलांचा गुन्हा

प्रायश्चित्तकाळाच्या उत्तरार्धात रोह्याच्या आसपासच्या डोंगरांत मोह फुलतो. झाडाची पाने गळून गेलेली असतात आणि पहाटेच्या वेळी फिकट पिवळी, रसाळ फुले टपटप जमिनीवर पडतात. कातकरी आणि ठाकूर बायामुले ती वेचून उन्हात वाळवीत. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच. पावसाळ्यात धान्य संपले म्हणजे हीच फुले पोटाला आधार देत. त्यांचीच दारूही गाळली जाई, हे खरे.

असाच वसंत दूर जपानमध्येही येतो. आमच्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी तो पाहिला होता. हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते हुतात्मा झाले. त्याच हिदेयोशीने पुढच्या वर्षी, १५९८ च्या वसंतात, क्योतोजवळच्या दाइगो मंदिराच्या परिसरात चेरीचा बहर पाहण्याचा मोठा उत्सव केला. फुलांवर लोभ असणारे मन माणसाविषयी किती कठोर असू शकते, याचे हे उदाहरण होय.

बहर पाहण्याच्या या प्रथेस ‘हानामी’ म्हणतात. ८१२ साली सम्राट सागा याने चेरीखाली मेजवानी दिल्याची नोंद आहे. अठराव्या शतकात शोगुन योशिमुने याने चेरीची झाडे लावविली आणि राजवाड्यातला सण सामान्य माणसांचा झाला. चेरीच्या आधी फुलणाऱ्या ‘उमे’ या झाडाची हिरवी फळे जूनच्या सुमारास उतरतात. ती खडीसाखरेसह कडक मद्यात मुरवून घरोघरी ‘उमेशू’ करतात. घरी मद्य आंबविण्यास तेथेही १८९९ पासून बंदी आहे. पण सरकारी कर भरलेल्या मद्यात फळे मुरविण्याची मुभा १९६२ साली कायद्याने घरांना मिळाली.

आमच्याकडे काय घडले? मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मद्य गाळण्याचे काम मोठ्या कारखान्यांत एकवटण्याचे धोरण आले. उरण हे त्याचे प्रमुख केंद्र. पंचमहालातून मोहफुले आगगाडीने मुंबईस येत आणि तेथून उरणच्या भट्ट्यांकडे जात. तयार दारूवर कर बसे. रानातल्या भट्टीवर मात्र कर बसविता येईना; म्हणून सरकारने फुलावरच हात टाकला. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहफुले बाळगणे व विकणे यांवर निर्बंध घातले. रोहे आणि पेण कुलाब्यातच होते. हे फूल गरिबांचे अन्न आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पण तिजोरीपुढे तो टिकला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्याचा हेतू महसुलाचा नव्हे, लोककल्याणाचा होता. तरी मोहफुलांवरचे निर्बंध त्यातही राहिले. १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले. फुले गोळा करण्यावरील व बाळगण्यावरील ही बंधने महाराष्ट्र शासनाने शिथिल केली ती २०२१ साली. १८९२ पासून मोजता एकशे एकोणतीस वर्षे झाली.

वाचकहो, आम्ही दारूची वकिली करीत नाही. दारूने मोडलेली घरे पाहून, त्या घरांतील माउलींचे अश्रू पाहूनच आमची सेवा चालली आहे. परंतु व्यसनाशी लढणे वेगळे आणि भुकेल्याच्या टोपलीतले फूल हिसकावणे वेगळे. जपानात सरकारने कर राखला आणि घरातील बरणीही राखली. येथे कर राखताना पहाटे फुले वेचणारी बाईच गुन्हेगार ठरली. तिच्याशी बोलून, तिची भूक जाणून घेऊन केलेला कायदा कदाचित निराळा झाला असता.

यंदा चैत्रात रोह्याच्या वाटेवर मोहाखाली वाकलेली एखादी बाई दिसली, तर तिच्या टोपलीकडे संशयाने पाहू नका. ती आपल्या आजीपणजीचे अन्न वेचीत असेल.