‘ग्रो’ला ‘थ’, ‘मूव्ह’ला ‘मेंट’

‘ग्रो’चं ग्रोथ, ‘मूव्ह’चं मूव्हमेंट, ‘अराइव्ह’चं अरायव्हल. क्रियापदांपासून भाववाचक नामं बनवण्याची ही यादी मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी घोकली. नियम विचारावा तर मास्तरांचं उत्तर ठरलेलं: पाठ करा. नियम सापडत नाही, कारण हे प्रत्यय वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांबरोबर इंग्रजीत आले.

सगळ्यात जुनं घराणं जर्मानिक. अँग्लो-सॅक्सन काळात क्रियापदाला ‘उंग’ किंवा ‘इंग’ जोडत. आजचं ‘लर्निंग’ तिथलंच. ‘थ’ आणि ‘ट’ही याच घराण्यातले: ‘गिव्ह’चं गिफ्ट, ‘फ्लाय’चं फ्लाइट, ‘स्टील’चं स्टेल्थ. स्टेल्थचा मूळ अर्थ सरळ चोरी असाच होता.

1066 मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून नॉर्मन आले आणि दरबार, कायदा, वसुली फ्रेंचमध्ये सुरू झाली. न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडायची मुभा कायद्याने मिळाली ती थेट 1362 साली. तोवर जजमेंट, पेमेंटसारखे शब्द रुळले होते. पुढे त्यांचे प्रत्यय सुटे होऊन अस्सल देशी क्रियापदांनाही चिकटले: ‘सेटल’चं सेटलमेंट, ‘हिंडर’चं हिंड्रन्स, ‘ब्रेक’चं ब्रेकेज.

‘बरिअल’ची गंमत वेगळीच. जुन्या इंग्रजीतला थडग्यासाठीचा शब्द एकवचनी असूनही त्याच्या शेवटी ‘स’ होता. लोकांना तो अनेकवचनाचा वाटला आणि त्यांनी तो काढून टाकला. उरलेला शब्द अरायव्हलच्या पंगतीत जाऊन बसला, फ्रेंचांशी काही नातं नसताना.

सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिनचा पूर आणला. 1553 मध्ये टॉमस विल्सनने आपल्या वक्तृत्वशास्त्राच्या ग्रंथात असल्या जडजंबाल, पंडिती शब्दांची यथेच्छ खिल्ली उडवली, पण ‘एशन’वाल्या नामांचा ओघ काही थांबला नाही.

हे लॅटिन शेपूट देशी क्रियापदाला मात्र क्वचितच लागलं. ‘स्टार्व्ह’ हे अस्सल जुनं इंग्रजी क्रियापद. अर्थ नुसतं ‘मरणं’, उपासमारीचा अर्थ नंतरचा. 1775 साली अमेरिकेतल्या बंडखोर वसाहतींचा व्यापार रोखण्याच्या विधेयकावर बोलताना हेन्री डंडास संसदेत ‘स्टार्व्हेशन’ म्हणाला. त्यावरून ‘स्टार्व्हेशन डंडास’ हे टोपणनाव त्याला कायमचं चिकटलं. हाच डंडास पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष झाला.

काही जोड्या तर उलट्या दिशेने जन्मल्या. ‘डोनेशन’ हे नाम इंग्रजीत शतकानुशतकं वापरात होतं. ‘डोनेट’ हे क्रियापद त्यातून बऱ्याच नंतर, अमेरिकेत कोरून काढलं गेलं. ‘टेलिव्हाइज’ही तसंच ‘टेलिव्हिजन’मधून निघालं. शाळेच्या तक्त्यात मात्र क्रियापदाचा रकाना अजूनही पहिला असतो.