साखळी, त्रिकोण आणि निळा ठिपका

चारही चाकांना जोर देणारी जीप घेतल्यापासून माझ्या मेहुण्याला डांबरी रस्त्याचा तिटकारा आला आहे. गुळगुळीत रस्ता दिसला की त्याला गाडीचा अपमान झाल्यासारखं वाटतं. त्यात त्याने स्टिअरिंगशेजारी शाळेच्या पाटीएवढा टॅब्लेट बसवला आहे. पाटीवर नकाशा आणि नकाशावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे आपण! बँकेत वीस वर्षं कारकुनी केली, पण मी नेमका कुठे आहे याची इतकी आपुलकीने दखल आजवर कुणी घेतली नव्हती.

गेल्या सप्टेंबरात आम्ही नागपूरहून हिंगणघाटला निघालो. निमित्त माझ्या सासऱ्यांचं. अण्णा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. उभी हयात बांधाबांधावर साखळी ओढण्यात गेली. आता वय अठ्ठ्याहत्तर आणि इच्छा एकच : ‘लॅम्बटनसाहेबाची कबर पाहायची.’ लोकांचे सासरे काशीला जायचं म्हणतात. आमच्यांचं काशीक्षेत्र हिंगणघाट निघालं.

हमरस्त्याने सुखरूप पोचलो असतो. पण मेहुणा म्हणाला, “भाऊजी, आतून एक रस्ता दाखवतोय. आणि रेंज गेली तरी फिकीर नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवलाय.” ठिपक्याला म्हणे रेंज लागतच नाही, तो उपग्रहांवरून कळतो. रेंज लागते ती ठिपक्याखालचा नकाशा आणायला.

“रस्ता कसला, पांदण असेल ती,” अण्णा मागून म्हणाले. “काळी माती आहे. दोन दिवसांपूर्वी पाऊस झालाय.”

“अण्णा, तुमच्या साखळीचे दिवस संपले आता!” मेहुणा हसत म्हणाला.

अण्णा काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर कपाशी पाहत बसले. ते गप्प बसणं मला काही बरं वाटेना. म्हणून मी विचारलं, “अण्णा, हा लॅम्बटन कोण हो?” आणि अण्णा बोलू लागले.

विल्यम लॅम्बटन हा कंपनी सरकारच्या काळातला लष्करी अधिकारी. एप्रिल १८०२ मध्ये त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची सरळ रेषा जमिनीवर मोजायला घेतली. शंभर फुटी पोलादी साखळीने, पुन्हा पुन्हा टेकवत. उन्हाने पोलाद वाढतं, म्हणून साखळीवर सावली धरायची आणि तापमानाची नोंद ठेवायची. एक रेषा अचूक मोजली की दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीकडे पाहून कोन घ्यायचे. त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू कागदावर निघतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. असे त्रिकोणावर त्रिकोण रचत हे लोक देशभर चालले.

कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. इंग्लंडहून येताना ते जहाजासकट फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं आणि पुढे सौजन्याच्या पत्रासह मद्रासला पोचतं केलं. (आमचा हेड ऑफिसचा गठ्ठा चुकून दुसऱ्या शाखेत गेला, तर पत्र सोडाच, गठ्ठाही परत येत नाही.) १८०८ साली तंजावरच्या देवळावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्राची मुख्य तबकडी वाकली. लॅम्बटनने सुमारे दीड महिना तंबूत बसून ती स्वतः ठोकून सरळ केली.

मला सगळ्यात आवडलं ते निराळंच. बरेच त्रिकोण झाले की हा गृहस्थ पुन्हा जमिनीवर नवी रेषा साखळीने मोजायचा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहायचा. मैलोगणती अंतरामागे फरक निघायचा तो काही इंचांचा. म्हणजे दिवसाअखेर रोकड जुळवणंच की! मी वाणिज्य पदवीधर, त्रिकोणमितीशी माझं शाळेपासून वैर. पण हा माणूस माझ्या जातीचा निघाला. पुढे ‘पंधरा क्रमांकाचं शिखर’ जगात सर्वांत उंच आहे हे कळलं तेही आकडेमोडीतून. १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. त्या हिशेबाचं श्रेय मुख्य गणक राधानाथ सिकदर यांना दिलं जातं. शिखर सापडलं टेबलापाशी, नाव मिळालं साहेबाचं. कारकुनांना हे नव्याने सांगायला नको.

“अण्णा, आता उपग्रह आहेत,” मेहुणा म्हणाला.

उपग्रह आहेतच. सुमारे वीस हजार किलोमीटरवरून ते वेळेचे संदेश पाठवतात. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं आणि चार उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरते. त्यांची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. तेवढा फरक वळता केला नाही, तर दिवसभरात दहाएक किलोमीटरची चूक साचते. इथेही रोकड जुळवावीच लागते. सोय मुळात अमेरिकी लष्कराची. १९८३ साली कोरियाचं वाट चुकलेलं प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर ती साऱ्यांना खुली करायचं ठरलं. तरी सामान्यांसाठी मुद्दाम अंधूक ठेवली होती. तो पडदा मे २००० मध्ये निघाला.

हे सगळं आठवत असतानाच जीप थांबली. म्हणजे चाकं फिरत होती, जीप थांबली होती. काळ्या मातीने चारही चाकांना पोटाशी धरलं होतं. ठिपका मात्र ठामपणे रस्त्याच्या मधोमध!

सूर्य कलला. बऱ्याच वेळाने एक म्हातारेबुवा आले. “कुठी जाऊन राह्यले जी?”

“हिंगणघाट.”

“ह्या पांदणीनं? हे बैलाची पांदण हाये. अन् तेबी दिवाळीनंतरची!”

त्यांच्या मुलाने ट्रॅक्टर आणला, दोर बांधला. चूक ठिपक्याची नव्हती. आपण कुठे आहोत हे तो चार-पाच मीटरांत सांगत होता. आपण कशात आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. ते चालणाऱ्यालाच ठाऊक असतं.

रात्र हिंगणघाटला काढून सकाळी कबरीपाशी गेलो. २० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना, लॅम्बटन इथेच वारला. सत्तरीच्या घरातला माणूस, कामावर असताना. अण्णांनी चपला काढल्या, हात जोडले आणि उगाच आणखी थोडा वेळ उभे राहिले.

मेहुणा टॅब्लेट घेऊन आला. निळा ठिपका कोऱ्या जागेवर उभा होता; त्याच्या नकाशात तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याने बोटाने तिथे एक खूण रोवली.

“अण्णा,” तो हळूच म्हणाला, “काय नाव लिहू?”

“लॅम्बटनसाहेबांची कबर,” अण्णा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “आणि खाली लिही, पावसाळ्यात पांदणीने येऊ नये.”