फायलाइट : ज्वालामुखीचे की भट्टीचे?

धातुमळी, म्हणजे कच्च्या खनिजातून धातू काढताना वेगळा होऊन थिजणारा टाकाऊ रस, वरवर पाहता काळ्या दगडासारखी दिसते. परंतु जुन्या लोखंडभट्टीतील मळीचा तुकडा घासून आरशासारखा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली परावर्तित प्रकाशात पाहिला, की त्यात बहुधा तीन घटक उघड होतात : लांबट करड्या पट्ट्या फायलाइटच्या, म्हणजे ऑलिव्हीन या सिलिकेट खनिजाच्या लोहयुक्त प्रकाराच्या. नेच्याच्या पानासारख्या फुटलेल्या उजळ शाखा वुस्टाइट या लोह-ऑक्साइडच्या. आणि उरलेल्या फटींत गडद काच. फायलाइट सुमारे १२०५ अंश सेल्सियसला वितळते, म्हणूनच १५३८ अंशांखाली न वितळणारे लोखंड भट्टीत घनरूपात राहते आणि मळी तेवढी वाहून जाते.

वुस्टाइटला जर्मन धातुशास्त्रज्ञ फ्रिट्झ वुस्ट यांचे नाव मिळाले, यात वाद नाही. फायलाइटची कुळकथा मात्र संशयास्पद आहे. अझोर्स द्वीपसमूहातील फायाल बेटावरच्या नमुन्यावरून जर्मन रसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन गोटलोब ग्मेलिन यांनी १८४० मध्ये हे नाव दिले आणि तो नमुना ज्वालामुखीजन्य मानला गेला; पण जहाजांचा तोल राखण्यासाठी तळाशी भरलेल्या दगडधोंड्यांतून मळीचाच तुकडा तेथे उतरला असावा, अशी शंका पुढे घेतली गेली. ही शंका अतिशय सबळ आहे, कारण बेसाल्टी लाव्ह्यातील ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियम भरपूर असते आणि जवळजवळ शुद्ध लोहाचे ऑलिव्हीन तेथे सहसा घडत नाही. उलट बाजूने अमेरिकेतील यलोस्टोनच्या ऑब्सिडियन क्लिफचा दाखला देता येतो, कारण तेथील ज्वालामुखी काचेतील नैसर्गिक फायलाइटचे वर्णन भूवैज्ञानिक इडिंग्ज यांनी १८८५ च्या सुमारास केले. परंतु तो लाव्हा सिलिकेने समृद्ध आणि मॅग्नेशियमने दरिद्री होता, त्यामुळे या दाखल्याने शक्यता तेवढी सिद्ध होते, फायालचा नमुना नैसर्गिक असल्याचे नव्हे.

खरा निवाडा वुस्टाइटच्या शाखांनी होऊ शकतो, कारण सामान्य लाव्ह्यात लोहाचे ऑक्सिडीभवन अधिक होऊन मॅग्नेटाइट हे वेगळे लोह-ऑक्साइड बनते, वुस्टाइट नव्हे. ग्मेलिन यांच्या काळात मात्र भिस्त रासायनिक पृथक्करणावर होती. खडकांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीला इंग्रज भूवैज्ञानिक सॉर्बी यांच्या १८५८ च्या निबंधानंतर बळ आले, आणि निव्वळ पृथक्करणाने मळीतले व लाव्ह्यातले फायलाइट यांत भेद करणे कठीणच.

विशेष म्हणजे ग्मेलिन यांच्याआधीच, १८२० च्या दशकात, जर्मन रसायनशास्त्रज्ञ मित्शर्लिख यांना स्वीडनमधील फालुनच्या मळीत ऑलिव्हीनच्या घडणीचे स्फटिक आढळले होते, म्हणजे हे खनिज बेटाच्या नावाआधी भट्टीतून ओळखीचे झाले असे मानण्यास जागा आहे. नॉर्वेचे भूवैज्ञानिक फोग्ट यांनी तर १८८४ पासून मळीतील स्फटिकांच्या अभ्यासाला हात घातला आणि त्यावरून अग्निजन्य खडकांत खनिजे कोणत्या क्रमाने थिजतात, याचे नियम मांडले.