पॉवर टेलगेट: कंट्रोल मॉड्यूलची वायरिंग आणि कनेक्टर

टाटा हॅरिअर, सफारी, इनोव्हा हायक्रॉस यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये बटण दाबलं की डिकीचा दरवाजा आपोआप उघडतो. हे काम टेलगेट कंट्रोल मॉड्यूल करतं. दातिवरे, केळवे, अर्नाळा अशा किनाऱ्यावर गाडी उभी राहत असेल, तर खाऱ्या हवेने कनेक्टर लवकर गंजतात. म्हणून कोणती वायर कशाची, हे माहीत असलेलं बरं.

मॉड्यूलला काय काय जोडलेलं असतं?

• पॉवर आणि ग्राउंड: जाड वायर. बॅटरीचे १२ व्होल्ट फ्यूजमधून येतात.
• मोटर: दोन जाड वायर. पोलॅरिटी उलटली की मोटर उलट फिरते.
• हॉल सेन्सर: बारीक वायर. दरवाजा किती उघडला, हे यावरून कळतं.
• लॅच: कुलूप लागलं की नाही, हे सांगणारे स्विच.
• कॅन बस: पीळ दिलेल्या दोन वायर. यातून गाडीच्या इतर मॉड्यूलशी बोलणं होतं.
• पिंच सेन्सर: दरवाजाच्या कडेची रबरी पट्टी. हात अडकला की दरवाजा मागे फिरतो.

वायरचे रंग मॉडेलनुसार बदलतात. त्यामुळे रंगावर जाऊ नका, तुमच्या गाडीच्या सर्किट डायग्राममधला पिन नंबर पाहा.

बिघाड कुठे शोधायचा?

आधी फ्यूज आणि बॅटरी. मग बॉडी आणि दरवाजा यांच्यामधली रबरी नळी बघा. दरवाजा उघडताना-मिटताना तिच्यातल्या वायर दर वेळी वाकतात आणि आतल्या आत तुटतात. वरून काहीच दिसत नाही. कनेक्टरमध्ये हिरवट-पांढरा थर दिसला तर तो गंज. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या आणि लॉकचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत कनेक्टर बसवा.

मल्टिमीटरची जाड पिन टर्मिनलमध्ये घुसवू नका. टर्मिनल फाकतं आणि नवीनच लूज कनेक्शन तयार होतं. बॅटरी काढलेली असताना कॅनच्या दोन वायरमध्ये साधारण ६० ओहम दिसले, तर ती लाइन बहुधा ठीक आहे.

बॅटरी पुन्हा जोडल्यावर काही गाड्यांत दरवाजा एकदा हाताने पूर्ण बंद करावा लागतो, तेव्हाच मॉड्यूलला त्याची जागा कळते.

हे मात्र करू नका

पिंच सेन्सर सतत एरर देतो म्हणून कुणी तो ‘बायपास’ करून देतो म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. दरवाजा चालेल, पण मध्ये लहान मुलाची बोटं आली तरी तो थांबेलच याची खात्री उरणार नाही.